कॅन्ससचा काळा शेल आणि मॉस्कोजवळचा थर एकाच वेळचे, हे ठरवतात कसं?

रेवा_ओव्हरलँड:

नमस्कार मंडळी. मी भूशास्त्र शिकलेली नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला ओव्हरलँड पार्कमध्ये राहते. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

कॅन्सस म्हटलं की सगळे म्हणतात, सपाट मैदान, तिथे बघायचं काय? सहा वर्षं मीही हेच म्हणत होते. पण लॉरेन्सच्या आसपास रस्त्यासाठी टेकड्या कापल्यात, तिथे एकावर एक थर उघडे पडलेत आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकाला त्यांचं वेड लागलंय. टर्नपाइकवर गाडी थांबवता येत नाही, म्हणून आम्ही एका आडरस्त्यावरचा काप शोधून काढला. खालून वर असं दिसतं: तळाशी लालसर-हिरवट मऊ माती, मुठीत चुरगळणारी. तिच्यावर निळसर करड्या चुनखडीचा एकच सलग थर, जेमतेम गुडघ्याएवढा, पण घडीव चिऱ्यांसारखा उभा सरळ तडकलेला. त्यावर काळाकुट्ट शेल, पाटीसारखे पापुद्रे सुटणारा. त्यात सुपारीएवढ्या टणक गोळ्या सापडतात (आमच्याकडे डबाभर जमल्यात). त्यावर माझ्या डोक्याच्या वर जाणारी फिकट चुनखडी, तिचे थर लाटा आल्यासारखे वेडेवाकडे. मग पुन्हा मऊ माती. आणि गाडीने थोडं पुढे गेलं की जवळपास हीच उतरंड परत सुरू.

गेल्या महिन्यात इथल्या लायब्ररीत एका निवृत्त भूशास्त्रज्ञांचं व्याख्यान ऐकलं. ते म्हणाले, या काळ्या थराचं नाव हीबनर शेल, आणि तो आयोवा-नेब्रास्कापासून ओक्लाहोमापर्यंत ओळखता येतो. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाले, याच वेळचा थर मॉस्कोजवळ आहे, उरल पर्वतात आहे, दक्षिण चीनमध्येही आहे. आणि तेही ढोबळ हिशोबाने नाही. नेमका हाच फेरा, मागचा नाही आणि पुढचा नाही.

माझं डोकं इथे अडकलं. क्रम जर पुन्हा पुन्हा तोच येतो, तर इथला अमुक फेरा म्हणजे तिकडचा तमुक फेरा हे कशावरून? लोकलचे डबे मोजल्यासारखं मोजतात का? मग मधला एखादा डबा गळला की पुढचं सगळं चुकणार. कामावर आम्ही दोन सर्व्हरचे लॉग जुळवतो. तोच संदेश शंभर वेळा आला असेल आणि वेळेचा शिक्का नसेल तर कोणाचा बाप ते जुळवू शकत नाही. दगडावर शिक्का कुठे असतो?

आणि दुसरं म्हणजे, इथला चिखल आणि मॉस्कोचा चिखल एक नव्हे. मग दोन्हीकडे एकाच वेळी पाणी आलं आणि गेलं, ते का?


बोअरहोलवाला:

रेवाताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. याच प्रश्नापायी मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बोलणी खाल्लीत, तर आधी ते सांगतो.

मी वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात भूगर्भतज्ज्ञ होतो, आता चंद्रपुरात निवृत्त. १९८४चा उन्हाळा, चंद्रपूरचा उन्हाळा, कोअर बॉक्सला (बोअरमधून काढलेले दगडाचे दांडे ठेवायची पेटी) हात लावला की चटका बसायचा. दोन बोअर, एकमेकांपासून चारशे मीटरवर, दोन्हींत कोळशाचे तीन-तीन थर. मी पहिला पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला रंगीत पेन्सिलने जोडला आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तीन आहेत म्हणून जोडले का?" मधोमध अजून एक बोअर मारलं तेव्हा कळलं. पहिल्या बोअरमधला मधला सीम, म्हणजे कोळशाचा थर, दुसऱ्यात नव्हताच. जुन्या नदीने तो खरवडून नेला होता आणि तिथे वाळू भरली होती. खाणीत त्याला वॉशआउट म्हणतात. आणि दुसऱ्या बोअरमध्ये खालच्या सीमच्या पोटात शेल शिरून त्याचे दोन झाले होते. तिनाला तीन जुळले ते निव्वळ नशिबाने.

तेव्हा तुमची डबे मोजण्याची शंका खरीच आहे. नुसतं मोजून जो जुळवतो तो फसतो. चारशे मीटरवर फसतो, मग मॉस्को तर दूरच राहिलं.

पण माझ्या दगडात आणि तुमच्या दगडात एक मोठा फरक आहे. आमचा कोळसा बराकर नावाच्या खडकांतला, तो नद्यांच्या मैदानात झाला. नदी पात्र बदलते, आधी वाळू, मग गाळ, मग दलदल आणि त्यात कुजलेल्या झाडोऱ्याचा कोळसा, काही काळाने नदी पुन्हा त्याच जागी येते. हे फेरे बऱ्याच अंशी त्या नदीच्या घरचे असतात, शेजारच्या खोऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. झरियात बराकरचे सीम एक ते अठरा असे क्रमांकाने ओळखतात. त्यांची आणि आमच्या सीमची एकास एक जोडी लावायला कोणी निघालं तर लोक हसतील. तुमच्या कॅन्ससमधले फेरे समुद्राने घातलेत, आणि समुद्राची पातळी एका खोऱ्याच्या मालकीची नसते.

आता तुमचा काप वाचू. वर्णन इतकं नेमकं केलंत की नावंच सांगता येतात. तळाची लालसर-हिरवट माती म्हणजे स्नायडरव्हिल शेल. ती जुनी जमीन आहे, म्हणजे तिथे उघडी माती होती, झाडंझुडपं होती, समुद्र मागे सरकलेला होता. गुडघ्याएवढी चुनखडी म्हणजे लेव्हनवर्थ, समुद्र आत येतानाची. तिची जाडी फार थोडी बदलते, नेब्रास्कापासून ओक्लाहोमापर्यंत माणूस तिला नुसत्या उभ्या तडकांवरून ओळखतो. काळा हीबनर म्हणजे पाणी सगळ्यांत खोल झालं तेव्हाचा. तुमच्या डब्यातल्या सुपाऱ्या फॉस्फेटच्या आहेत. वरची लाटांची चुनखडी प्लॅट्समाउथ, पाणी पुन्हा उथळ होत गेलं तेव्हाची. तिच्यात गव्हाच्या दाण्यासारखे फुगीर जीवाश्म दिसले तर ते फ्युझुलिनिड, एकपेशीय जीवांची घरं. या सगळ्या गठ्ठ्याला ओरीड म्हणतात, लॉरेन्सचं विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्यावरून.

काळा थर खोल पाण्यातला, हे सहज मान्य झालं नाही बरं का. बरेच जण म्हणायचे की काळं म्हणजे दलदल, म्हणजे उथळ. आयोवाच्या फिलिप हेकेल यांनी १९७७ साली ठासून मांडलं की उलट आहे: वरचं कोमट पाणी आणि तळाचं थंड पाणी मिसळेनासं झालं, तळाला प्राणवायू संपला, वरून पडणारा जैविक कचरा कुजला नाही म्हणून काळं. किनारा इतका दूर गेला की गाळही फार येईना. त्यामुळे हातभर शेलमध्ये भरपूर काळ मुरलेला आहे.

या फेऱ्यांकडे लक्ष आधी इलिनॉयमध्ये गेलं. उडेन यांनी १९१२ साली पिओरियाच्या कोळसाभागात क्रम परत परत येतो हे नोंदवलं. १९३२ साली वॅनलेस आणि वेलर यांनी एका पूर्ण फेऱ्याला 'सायक्लोथेम' नाव दिलं. नाव दोघांचं, पण कारणावर दोघांचं जमलं नाही. वेलर म्हणत जमीनच खालीवर होते. वॅनलेस यांनी १९३६ साली शेपर्ड यांच्यासोबत लिहिलं की जमीन राहू द्या, त्या काळी दक्षिणेकडच्या गोंडवन खंडावर प्रचंड बर्फ होता. तो वाढला की समुद्र उतरणार, वितळला की चढणार. यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. शेवटच्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावरून चालत पश्चिमेला किती लांब जाता आलं असतं याचा विचार करा. कॅन्सस तेव्हा विषुववृत्ताजवळ होतं आणि समुद्रतळ ताटासारखा सपाट. थोडं पाणी चढलं की शेकडो किलोमीटर आत. मॉस्कोचंही तसंच. चिखल आपापला, पाणी एकच.

आता शिक्का. आपल्याकडच्या संवत्सरांचं घ्या. प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ नावं, साठ वर्षांनी पुन्हा प्रभव. जुन्या कागदावर नुसतं 'विरोधी संवत्सर, माघ वद्य पंचमी' असेल तर महिना कळतो, तिथी कळते, चक्रातली जागा कळते, पण कुठल्या साठीतलं ते कळत नाही. त्याच कागदात कोणा पेशव्याचं नाव आलं की काम झालं. सायक्लोथेममध्ये दगडांचा क्रम म्हणजे तिथी. आणि पेशव्याचं नाव म्हणजे कोनोडॉन्ट.

कोनोडॉन्ट म्हणजे वाळूच्या कणाएवढे दात. एका बाम माशासारख्या, जबडा नसलेल्या जलचराच्या तोंडातले. गंमत अशी की हे दात १८५६ पासून माहीत आहेत, पण त्यांच्या धन्याचं अंग कसं असतं ते १९८३ साली स्कॉटलंडच्या एका जीवाश्माने दाखवलं. सव्वाशे वर्षं लोकांनी नुसत्या दातांवर काम केलं आणि ते काम आजही टिकून आहे. या दातांची ठेवण भराभर बदलत गेली. त्यामुळे समुद्र दर वेळी आत आला की सोबत आणलेल्या कोनोडॉन्टांचा तोंडवळा मागच्या खेपेपेक्षा वेगळा. तुमच्या हीबनरमध्ये इडिओग्नॅथोडस सिम्युलेटर नावाची जात येते. खालच्या फेऱ्यांत ती नाही. तीच जात मॉस्कोजवळच्या रुसाव्किनोच्या थरात, दक्षिण उरलमध्ये उसोल्का नदीवर, दक्षिण चीनमध्ये. भूशास्त्रातल्या गझेलियन नावाच्या कालखंडाची सुरुवातच या जातीच्या आगमनावर धरतात. वय सुमारे ३० कोटी ३७ लाख वर्षं. हे वय कॅन्ससमध्ये मोजलेलं नाही. ते उरलसारख्या ठिकाणच्या ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांवरून आलं आणि कोनोडॉन्टच्या पाठीवर बसून कॅन्ससला पोचलं.

लांबलं. चहा घेऊन येतो.


फासेमास्तर:

बोअरहोलवाल्यांचं लिखाण आवडलं, पण मी थोडी काडी घालतो. पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो.

माझा आक्षेप माणसाच्या डोळ्यावर आहे. रात्री हे वाचल्यावर मी फासा घेऊन बसलो. एक-दोन आले तर चुनखडी, तीन-चार शेल, पाच-सहा वाळू. साठ वेळा टाकून एक उभा स्तंभ काढला, परत साठ वेळा टाकून दुसरा. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, हे दोन बोअर आहेत, जुळव. पठ्ठ्याने अर्ध्या तासात चौदा रेघा ओढल्या, दोन ठिकाणी 'इथे थर झिजून गेला' असंही लिहून दिलं! वर मला विचारतो, खोली किती आहे. कुठलाही क्रम कुठल्याही क्रमाशी जुळतो, फक्त 'गळला' आणि 'फुटला' म्हणायची मुभा हवी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मी वाचलं की हे फेरे पृथ्वीच्या कक्षेशी जोडतात, एक लाख वर्षं, चार लाख पाच हजार वर्षं वगैरे. आधी फेरा चार लाखांचा धरून थरांना वयं वाटायची आणि मग त्या वयांवरून 'बघा, चार लाखांचा फेरा निघाला' म्हणायचं, असं तर होत नाही ना? परीक्षेत उत्तर आधी लिहून गणित मागे नेणारी पोरं मी बरीच पाहिलीत.


बोखुमकर:

मी जर्मनीत रूर खोऱ्यात राहते, नवरा इथल्या एका कारखान्यात. भूशास्त्र एम.एस्सी.ला होतं, आता शाळेत शिकवते.

फासेमास्तर, तुमच्या पुतण्याच्या स्तंभात एकही खूण स्वतःच्या नावाची नव्हती, म्हणून तो फसला. इथलं उदाहरण देते. रूरच्या कोळशाच्या सीमना माणसांसारखी नावं आहेत. त्यांतली एक काटारीना. कोळसा बहुतेक गोड्या पाण्याच्या दलदलीतला, सगळा एकसारखा, पण काटारीनाच्या डोक्यावर काळ्या शेलची एक पट्टी आहे आणि तिच्यात समुद्री गोनिएटाइट, म्हणजे शंखासारखे वळलेले जीव. समुद्र एकदा आत शिरला आणि सही करून गेला. तीच पट्टी बेल्जियममध्ये क्वारेन्योन नावाने आणि इंग्लंडमध्ये व्हॅन्डरबेकाय मरीन बँड नावाने ओळखतात. शेकडो मीटर जाडीच्या कोळसाखडकांत अशा पट्ट्या मोजक्याच, आणि मोठ्या पट्ट्यांतले गोनिएटाइट ओळखीचे. म्हणून खाणीत आधी मरीन बँड, म्हणजे अशी समुद्री पट्टी, शोधायचा आणि मग त्याच्या वर-खाली सीम लावायचे, हीच पद्धत. सीम फुटतात, चेपतात, वाहून जातात. पट्टी मात्र कुठल्या कुठे सापडते.

२०१८च्या डिसेंबरात इथली शेवटची कोळसाखाण बंद झाली. सीमची नावं आता बोखुमच्या खाण-संग्रहालयात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. आमच्या शेजारचे आजोबा मात्र अजून काटारीनाबद्दल असं बोलतात की आजींनी रागवावं.


रेवा_ओव्हरलँड:

काका, संवत्सराचं उदाहरण वाचून मी उडालेच! माझ्या आजोबांची पत्रिका अशीच आहे, संवत्सर आहे आणि साल उंदराने खाल्लंय. बाबांनी आजोबांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावरून साल काढलं होतं.

पण फासेमास्तरांचा दुसरा मुद्दा मलाही टोचतोय. कामावर आम्ही याला म्हणतो, टेस्ट लिहिणाऱ्यानेच कोड बघून अपेक्षित उत्तर भरलं. आणि काका, 'दर खेपेला वेगळा कोनोडॉन्ट' हे सगळ्या फेऱ्यांना लागू आहे का? इथे तर लहान-मोठे कितीतरी फेरे दिसतात.

शिवाय लेकाचा प्रश्न: त्या काळ्या शेलमध्ये आपल्याला दात सापडतील का? अ‍ॅसिड वगैरे लागतं असं त्याने कुठेतरी पाहिलंय आणि मी अ‍ॅसिड घरात आणणार नाही.


बोअरहोलवाला:

फासेमास्तर, तुमच्या पुतण्याला माझ्याकडून नमस्कार सांगा. १९८४ साली मी तोच होतो. फक्त मला पगार मिळत होता.

पहिल्या मुद्द्यावर माझं काहीच म्हणणं नाही, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच नुसत्या खडकांच्या क्रमावरून दूरचं कोरिलेशन (थरांची जुळवणी) केलेलं मी मानत नाही, कितीही सुंदर काढलेलं असो. आणि रेवाताई, तुमचं उत्तर त्यातच येतं: नाही, सगळ्या फेऱ्यांना लागू नाही. हेकेल यांनी आयोवा-कॅन्ससच्या पट्ट्यात लहान-मोठे धरून पन्नासच्या वर फेरे मोजले. त्यांतले मोठे, म्हणजे ज्यांत समुद्र पार आत गेला आणि काळा शेल बसला, त्यांना आपापले कोनोडॉन्ट आहेत. ते अटलांटिकपलीकडे नेता येतात. अर्ध्या वाटेतून परतलेल्या लहान फेऱ्यांची ओळख बहुधा त्या खोऱ्यापुरतीच. एखाद्याने प्रत्येक लहान फेरा युक्रेनशी जोडून दाखवला तर मी त्याला चहा पाजेन, पण सही करणार नाही.

दुसरा मुद्दा, उत्तर आधी लिहिण्याचा. हे पाप झालेलं आहे, नाही म्हणत नाही. बरीच वर्षं फेऱ्यांचा काळ काढायची रीत काय होती? अख्ख्या कालखंडाची वर्षं घ्यायची, फेऱ्यांच्या संख्येने भागायची. कालखंडाचं वय बदललं की फेरा लगेच लांब नाहीतर आखूड. हेकेल यांनीही १९८६ साली काळ काढला तो असाच भागाकाराने.

पण पुढे पूर्व युक्रेनच्या डोनेट्स खोऱ्यात काम झालं. तिथेही तसेच कोळसा-चुनखडीचे फेरे, शेकडो. तिथल्या लोकांनी चुनखडीच्या थरांना मोठी अक्षरं आणि कोळशाला लहान अक्षरं अशी नावं फार आधी देऊन ठेवलीत, त्यामुळे घोळ होत नाही. मुख्य म्हणजे तिथे मधूनमधून ज्वालामुखीची राख आहे. दाविदोव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१० साली अशा बारा थरांतल्या झिरकॉनची युरेनियम-शिसे वयं छापली. झिरकॉनला पृथ्वीची कक्षा माहीत नसते. त्याच्यात युरेनियमचं शिसं होत राहतं, बस. त्या वयांच्या मध्ये फेरे मोजले तर एकेक फेरा लाखाच्या आसपास आणि त्यांचे जुडगे चार लाखांच्या आसपास निघाले. चार लाख पाच हजारांचा हा झोका मुख्यतः शुक्र आणि गुरू यांच्या ओढीचा. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट होते, परत गोल होते. बाकीचे झोके कोट्यवधी वर्षांत भरवशाचे राहत नाहीत, हा राहतो. थोडक्यात, इथे उत्तर मागाहून आलं. मात्र पुढे याच झोक्याला टेकवून त्यांनी मधल्या थरांना वयं दिली, तिथे फासेमास्तरांनी डोळे उघडे ठेवावेत. राखेच्या दोन थरांच्या मधलं वय आणि राखेचं वय यांत फरक आहे.

आणखी एक गोष्ट मला पटवून गेली. डोनेट्स तेव्हाच्या महाखंडाच्या पूर्वेच्या समुद्राला लागून, तुमचं कॅन्सस पश्चिमेच्या. मध्ये डोंगर. नद्या वेगळ्या, पाऊस वेगळा, जमिनीची खचण्याची गती वेगळी. दोघांत सामाईक असलंच तर पाण्याची पातळी. कॅन्ससची जमीन त्याच वेळी खचली आणि युक्रेनचीही, असं पन्नास वेळा सांगायचं असेल तर वेलर यांनाही ते अवघड गेलं असतं.

आता बर्फ. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते माझ्या घराजवळ आहे. ज्या बर्फाने तुमचा समुद्र खालीवर केला तो दक्षिणेच्या खंडांवर होता, आणि आपला भारत त्याच गोंडवनाचा तुकडा. ओडिशात तालचीर गावाजवळ मातकट हिरव्या गाळात नुसते धोंडेच धोंडे आहेत, काही दूर दूर एकटे पडलेले. ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ साली लिहिलं की हे बर्फाने आणले. भारतात, कर्कवृत्ताच्या आत बर्फ! कोनोडॉन्टचं पहिलं वर्णन रशियात पॅन्डर यांनी केलं तेही १८५६च; दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नव्हतं. मग १८७०च्या दशकात फेडन नावाच्या सर्वेक्षकाला चंद्रपूरजवळ इरई गावाच्या बाजूला पैनगंगेच्या काठी पुरावाच सापडला. तालचीरच्या धोंडेगाळाखालची जुनी चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर समांतर ओरखडे. हिमनदीने पोटाखाली दगड धरून फरशी घासली होती.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो मे महिना. गमछा ओला करून डोक्यावर, पाय चटके खाताहेत, आणि खाली बर्फाचे ओरखडे. सोबतचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, इथं बर्फ? काऊन थट्टा करता." मी त्याचं बोट धरून ओरखड्यात फिरवलं. त्याला काय पटलं कुणास ठाऊक, पण परतताना गाडीतल्या सगळ्यांना त्यानेच समजावून सांगितलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

ताई, घाईने जोडी मात्र लावू नका. इरईचा बर्फ तो नेमका हीबनरवाला, असं मी म्हणणार नाही. गोंडवनावर बर्फाची ठाणी सरकत राहिली, आणि आपला तालचीर बहुधा हीबनरनंतरचा, पर्मियन नावाच्या पुढच्या कालखंडाच्या सुरुवातीचा. आमच्या कोळशाखालचा बर्फ वितळला तेव्हा समुद्राचं एक बोट मध्य भारतातही शिरलं होतं. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला हसदेव नदीच्या पात्रात त्याचे शिंपले अजून दिसतात. आमच्याकडची मरीन बँड म्हणायची तर ती. आयुष्यभर कोळशात काम करून मला एकही समुद्री शिंपला मिळाला नाही, आणि बोखुमकर ताईंच्या शेजारच्या आजोबांना काटारीनाच्या डोक्यावर आयता मिळाला. हेवा वाटतो.

लेकाला सांगा: अ‍ॅसिड नको. ते चुनखडीसाठी. हीबनर पापुद्र्यांनी सुटतो, तेव्हा दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसंही चालेल. काळ्या शेलचा चपटा तुकडा नखाने किंवा बोथट सुरीने उघडायचा, ऊन तिरकं पडेल असा धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. काळ्यावर मधाच्या रंगाचं, चकाकणारं, कंगव्याच्या तुटक्या दातांसारखं काही चमकलं तर तो कोनोडॉन्ट. मिलिमीटरभर असेल, कधी त्याहून कमी. दहा-बारा पापुद्रे कोरे जातील. गोळ्या नसलेल्या तुकड्यांपासून सुरुवात करा, ते सरळ फुटतात. आणि सापडला की बोट लावू द्यायचं नाही, घामाला चिकटून येतो आणि मग जमिनीवर शोधत बसावं लागतं. माझा एक तसाच गेला.